दोन वर्षांचे म्हणवले जाणारे नर्सिंग: अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजचा मार्ग

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, मुले शाळेत रुळल्यावर किंवा ग्रीन कार्ड हाती आल्यावर, आता आपणही काही शिकावे असे ठरवणाऱ्या अनेक जणी, आणि हल्ली काही जणही, नर्सिंगचा विचार करू लागतात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो हे खरे. परंतु ही दोन वर्षे नर्सिंगच्या वर्गात प्रत्यक्ष प्रवेश मिळाल्यापासून मोजली जातात. त्याआधीचे अनिवार्य विषय, प्रवेश परीक्षा आणि जागेची प्रतीक्षा धरली, तर तीन ते चार वर्षांची मनाची तयारी ठेवावी. माझ्या मते या मार्गातील बहुतेक चुका प्रवेशाआधीच्या काळात होतात, म्हणून येथे त्या काळाविषयीच अधिक लिहिले आहे.

या अभ्यासक्रमाची पदवी ‘असोसिएट डिग्री इन नर्सिंग’, म्हणजे एडीएन. दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांचा तुटवडा भासू लागला, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी ही कल्पना मांडली आणि १९५२ साली तिचा प्रयोग सुरू झाला. एडीएन आणि चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगमधील बॅचलर पदवी, या दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांना शेवटी एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा द्यावी लागते आणि ‘रजिस्टर्ड नर्स’ हा परवानाही एकच मिळतो. कम्युनिटी कॉलेजचे आकर्षण यातच आहे, कारण फीमधील फरक मोठा असतो. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजमध्ये एका युनिटमागे (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर पडतात.

अर्ज भरण्यापूर्वी हा मार्ग आपल्यासाठीच आहे ना, हे तपासावे. भारतात जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनी पुन्हा पहिलीपासून आरंभ करण्याचे सहसा कारण नसते. त्यांनी आधी आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे परदेशी शिक्षणाच्या मूल्यांकनाची पद्धत विचारावी. अन्य विषयातील पदवीधरांना बीएसएनचा वर्ष-दीड वर्षाचा प्रवेगक अभ्यासक्रमही उपलब्ध असतो, मात्र तो बराच महाग आणि पूर्णवेळ असतो.

व्हिसाचा प्रश्न यानंतर येतो. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येते आणि रुग्णालयातील विनावेतन प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग असते. तथापि, नोकरीची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही, आणि काही राज्ये परवान्यासाठी तो मागतात. म्हणून आपल्या राज्याच्या बोर्डाला पहिल्याच महिन्यात लेखी विचारून घ्यावे. शिक्षण संपल्यावर हा प्रश्न समोर येणे फार महागात पडते. एफएएफएसए या अर्जाद्वारे मिळणारे केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि अन्य काही ठरावीक गटांनाच असते, एच-४ धारकांना नाही. रहिवाशांच्या दराने फी लागण्यासाठी किती काळचे वास्तव्य लागते, हेही राज्यागणिक बदलते.

कॉलेज निवडताना त्याच्या नर्सिंग अभ्यासक्रमाला राज्याच्या बोर्डाची मान्यता आहे का, हे प्रथम पाहावे. त्याशिवाय एसीईएन किंवा सीएनईए या संस्थेचे अधिस्वीकरण, म्हणजे दर्जाची मान्यता, असेल तर पुढे बीएसएनला प्रवेश घेणे सोपे जाते. एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक बोर्डे कॉलेजनिहाय प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या देखण्या इमारतीपेक्षा त्या आकड्याकडे लक्ष द्यावे.

शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र आणि बहुधा संख्याशास्त्र हे विषय प्रवेशापूर्वी पूर्ण करावे लागतात. भारतातील गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घेतल्यास इंग्रजी, मानसशास्त्र अशा विषयांत कधी सूट मिळते, परंतु विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने असतील तर अनेक कॉलेजे ते धरत नाहीत. वीस वर्षांपूर्वी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या व्यक्तीलाही तो विषय पुन्हा घ्यावा लागू शकतो. याचा राग येणे स्वाभाविक आहे. तरीही विषय नव्याने घेऊन उत्तम श्रेणी मिळवणे हिताचेच ठरते, कारण अनेक ठिकाणी प्रवेश गुणांकनावर होतो आणि विज्ञानातील श्रेणींना त्यात मोठे वजन असते. घर सांभाळून शिकणाऱ्यांनी एका सत्रात विज्ञानाचा एकच प्रयोगशाळेचा विषय घ्यावा. दोन विषयांत ‘बी’ आणि ‘सी’ मिळवून सहा महिने वाचवले, तर प्रवेशाच्या यादीत तेच महिने दुपटीने परत द्यावे लागतात.

प्रवेश परीक्षा बहुधा टीईएएस किंवा एचईएसआय ए२ असते. टीईएएसमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी या चार विभागांत मिळून १७० प्रश्न असतात आणि २०९ मिनिटे मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. वेळ जातो तो वाचनाच्या विभागात.

प्रवेश मिळाला की रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी कागदपत्रांची यादी हातात पडते. तीत पार्श्वभूमी तपासणी, मादक द्रव्यांची चाचणी, बीएलएसचे (मूलभूत जीवरक्षणाचे) प्रमाणपत्र आणि लसीकरणाचा पुरावा असतो. लहानपणीच्या लसींचे कार्ड आपल्यापैकी फारच थोड्यांकडे असते. अशा वेळी गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांसाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस बीची तीन मात्रांची लस नव्याने घ्यावी लागली तर सहा महिने लागतात, म्हणून ही तपासणी प्रवेशपत्राची वाट न पाहता करावी. क्षयरोगाच्या चाचणीबाबत विशेष दक्षता हवी. भारतात जन्मलेल्या बहुतेकांना बीसीजी ही क्षयरोगाची लस दिलेली असते आणि तिच्यामुळे त्वचेवरील चाचणी चुकीने होकारार्थी येऊ शकते. रक्तावरील इग्रा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, तीच मागावी.

वर्ग सुरू झाल्यावर पाठांतराची जुनी सवय अपुरी पडते. प्रश्नात चारही पर्याय योग्य असतात आणि ‘प्रथम काय कराल?’ एवढेच विचारलेले असते. तेथे श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण या क्रमाने विचार करण्याची शिस्त लावून घ्यावी लागते. औषधांची नावेही बदलतात. आपले पॅरासिटामॉल तेथे अ‍ॅसिटामिनोफेन होते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते आणि अ‍ॅड्रेनलिन एपिनेफ्रिन होते. पहिल्या आठवड्यापासून अशा जोड्यांची वही ठेवावी. मात्रेच्या गणितात सहसा पौंडाचे किलो करण्यापासून आरंभ होतो. मुलाचे वजन ४४ पौंड असेल तर २.२ ने भागून २० किलो. किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे ३०० मिलिग्रॅम. आणि ५ मिलिलिटर द्रावणात १६० मिलिग्रॅम औषध असेल तर ९.४ मिलिलिटर. मात्रेच्या गणिताच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची मर्यादा अनेक कॉलेजांत ९० टक्के किंवा त्याहून वर असते.

रुग्णालयात भाषेपेक्षा सवयी अधिक आड येतात. होकार देताना आपण मान डोलावतो, ती अमेरिकन रुग्णाला नकारासारखी वाटू शकते. वरिष्ठांनी सांगितलेले समजले नाही तरी ‘हो’ म्हणण्याची आपली रीतही तेथे धोक्याची आहे. सूचना ऐकल्यावर ती मोठ्याने परत म्हणून दाखवावी. रुग्णाविषयीची कोणतीही ओळख पटणारी गोष्ट, नाव वगळून का होईना, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये, कारण रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखणाऱ्या हिपा कायद्याचा भंग हे अभ्यासक्रमातून काढले जाण्याचे कारण होऊ शकते.

पदवीनंतर बोर्डाकडे परवान्याचा आणि पिअर्सन व्ह्यू या कंपनीकडे परीक्षेचा, असे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. परीक्षेचे शुल्क २०० डॉलर आहे. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्स नव्या स्वरूपात होते. तीत किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात, पाच तास मिळतात आणि आधीच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो आणि उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे पुरेसे स्पष्ट झाले की परीक्षा थांबवतो. त्यामुळे ८५व्या प्रश्नाला पडदा बंद झाला म्हणून हर्ष वा खेद करू नये. अनुत्तीर्ण झाल्यास साधारणतः ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते.

अनेक मोठी रुग्णालये बीएसएनला प्राधान्य देतात. न्यूयॉर्क राज्यात तर २०१७ च्या कायद्यानुसार नव्या परिचारिकांना परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत ती पदवी घ्यावी लागते. एडीएननंतरचा हा टप्पा नोकरी करत, बव्हंशी ऑनलाइन पूर्ण करता येतो. काही रुग्णालये त्याच्या फीचा भाग उचलतात, तेव्हा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत पगाराबरोबरच ही सवलत किती महिन्यांनी लागू होते आणि तिच्या बदल्यात किती वर्षे तेथे राहण्याची अट आहे, हे विचारून घ्यावे.