रिकरिंग टास्क लावताना या चुका टाळा, नाहीतर काम गुपचूप बंद पडतं

रिकरिंग टास्क म्हणजे ठरावीक दिवसांनी आपोआप परत समोर येणारं काम. आमच्या टीममध्ये दर सोमवारी असाच एक टास्क यायचा, "बॅकअप रिस्टोर करून बघणे". ज्याच्या नावावर होता तो मुलगा नोकरी सोडून गेला, त्याचं अकाउंट बंद झालं, आणि शेवटचा टास्क तसाच त्याच्या नावावर ओपन राहिला. त्यावर कुणी टिक केलं नाही म्हणून पुढचा तयारच झाला नाही. अकरा आठवडे कुणाला पत्ता नाही, आणि जेव्हा खरंच एक फाइल परत हवी होती तेव्हा कळलं की बॅकअप कधीपासून अर्धवट येतोय. लेट झालेला टास्क लाल रंगात दिसतो हो, पण जो टास्क जन्मालाच आला नाही तो कुठे दिसणार? रिकरिंग टास्कमधली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे, बंद पडला तरी आवाज होत नाही.

म्हणून पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच येतात: पुढचा टास्क नक्की कधी तयार होतो हे न बघता "रिपीट वीकली" दाबून मोकळं होणं. प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगळं असतं. आसनामध्ये आत्ताचा टास्क कम्प्लीट केला की मगच पुढचा येतो, म्हणजे ती साखळी आहे, एक कडी अडकली की पुढचं सगळं थांबलं. जिरामध्ये बरेच जण ऑटोमेशनचा शेड्यूल केलेला रूल लावतात, तो आधीचं काम झालंय का नाही हे स्वतःहून बघत नाही, वेळ झाली की नवीन तिकीट (जिरामधली कामाची नोंद) टाकतो, मग एक माणूस दोन आठवडे सुट्टीवर गेला की परत येईपर्यंत त्याच नावाची ढीगभर तिकिटं पडलेली असतात. आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका समरी टास्कखाली, म्हणजे गटाच्या मुख्य टास्कखाली, सगळ्या वेळा आधीच मांडून ठेवल्या जातात, शेवटच्या तारखेपर्यंत, ती तारीख उलटली की विषय संपला, आणि ती वाढवायची हे वर्षभराने कुणाच्या लक्षात असतं?

तुमच्या टूलमध्ये काय होतं हे मदत-पानांवर शोधण्यापेक्षा करूनच बघा. एक खोटा टास्क बनवा, रोज रिपीट होणारा, दोन दिवस त्याला हातच लावू नका, तिसऱ्या दिवशी टिक करा आणि पुढची तारीख काय पडली ते बघा. उद्याची पडली, कालची पडली, का मधल्या दिवसांच्या कॉपी आधीच येऊन बसल्यात? पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्ध्या तक्रारींचं उत्तर इथेच मिळतं.

तारीख मोजायची कुठून

याचाच दुसरा भाग. पुढची तारीख ठरलेल्या दिवसापासून मोजायची का काम झालं त्या दिवसापासून? शुक्रवारचा रिपोर्ट "पूर्ण झाल्यापासून ७ दिवसांनी" असा लावला आणि एकदा तो सोमवारी पूर्ण झाला की पुढचा सोमवारीच येणार, तोही उशिरा झाला की मग बुधवारी, असा तो सरकत जातो आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. बग नाही, सेटिंग चुकलंय. उलटं पण होतं. जुने लॉग (सिस्टिमच्या नोंदींच्या फाइल्स) साफ करणं, ज्यात दोन वेळांमधलं अंतर महत्त्वाचं, ते पक्क्या तारखेला बांधलं तर उशिरा केलेल्या कामानंतर चारच दिवसांत तेच काम परत समोर. टुडूइस्टमध्ये तर हा फरक एका उद्गारचिन्हाचा आहे, "एव्हरी" लिहिलं तर ठरलेल्या वेळापत्रकाने आणि "एव्हरी!" लिहिलं तर पूर्ण केल्या दिवसापासून. मी सरळ हिशोब ठेवतो, दुसरं कुणी त्या तारखेची वाट बघत असेल तर पक्की तारीख, नाहीतर पूर्ण झाल्यापासून.

महिनाअखेरीचा घोळ

"दर महिन्याच्या ३१ तारखेला" असं लावू नका, प्लीज. ३१ तारीख वर्षात ७च महिन्यांत येते. कॅलेंडर अ‍ॅप आपसात माहिती देण्यासाठी जी आयकॅलेंडर पद्धत वापरतात (आरएफसी ५५४५ नावाचं मानक, २००९ सालचं) तिच्यात नियमच आहे की जी तारीख त्या महिन्यात नाही ती सोडून द्यायची, म्हणजे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर या महिन्यांत तुमचं क्लोजिंगचं, म्हणजे महिनाअखेरीचा हिशोब बंद करायचं, काम येणारच नाही. काही टूल ३१ चं २८ करतात आणि मग मार्चमध्येही २८ लाच अडकून बसतात. "महिन्याचा शेवटचा दिवस" असा पर्याय असेल तर तोच घ्या, नसेल तर १ तारीख लावा आणि नावात लिहा "मागच्या महिन्याचं".

तसंच दर दोन आठवड्यांनी आणि महिन्यातून दोनदा हे एक नाही. पहिलं वर्षात साधारण २६ वेळा येतं, दुसरं २४. आणि ज्यांनी सम-विषम आठवड्यांवर रूल लावलेत त्यांनी २०२६ चा शेवट आत्ताच बघून ठेवा, आठवड्यांना नंबर द्यायच्या आयएसओ पद्धतीने त्या वर्षात ५३ आठवडे आहेत, ५३ नंतर लगेच १, दोन्ही विषम, म्हणजे लागोपाठ दोन आठवडे तेच काम येणार आणि त्यानंतरची सगळी पाळी उलटी होणार.

क्रॉन (लिनक्समध्ये ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) वापरत असाल तर एक खाचखळगा. साध्या लिनक्स क्रॉनमध्ये तारखेच्या रकान्यात १ आणि वाराच्या रकान्यात सोमवार टाकला तर लोकांना वाटतं "१ तारखेला सोमवार असेल तेव्हाच". तसं नाही, ते दर १ तारखेला पण चालतं आणि दर सोमवारी पण. वेळेचंही बघा, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे कधीच न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर, असेल आणि टीममधले काही जण घड्याळ एक तास पुढेमागे करणाऱ्या देशांत असतील तर मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास सकाळचा टास्क एक तास इकडेतिकडे होतो.

कॉपी झाली, पण काय काय आलं?

मुख्य टास्कची तारीख पुढे गेली पण सबटास्कच्या तारखा जुन्याच राहिल्या, असं असेल तर नवीन टास्क जन्मतःच लेट. चेकलिस्टवरच्या टिक तशाच आल्या तर त्याहून वाईट, कारण न केलेलं काम झालेलं दिसतं. डिस्क्रिप्शनमध्ये मागच्या महिन्याच्या शीटची लिंक असेल तर लोक त्याच शीटमध्ये भरत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिली कॉपी तयार झाली की ती उघडून वरपासून खालपर्यंत वाचा. आणि बदल करताना "फक्त हा" का "यापुढचे सगळे" हे विचारलं तर थांबून उत्तर द्या, तो बॉक्स आपण सगळे घाईत दाबतो.

शेवटी ते बॅकअपचं. आता तो टास्क एका माणसाच्या नावावर नाही, त्या आठवड्याला ज्याची ड्युटी त्याच्याकडे जातो, साखळीवर नाही तर वेळापत्रकावर चालतो, आणि बंद करायचा तर किती फाइल्स रिस्टोर झाल्या आणि किती वेळ लागला हे दोन आकडे भरावेच लागतात, नुसतं टिक चालत नाही. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मुद्दाम वेगळ्या कॅलेंडरमध्ये, मी एक आठवण लावलीये, त्या दिवशी सगळ्या रिकरिंग टास्कची यादी उघडायची आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट बघायची, शेवटचा कधी तयार झाला. मागच्या वेळी त्यात दोन बंद पडलेले सापडले, एक तर ज्या क्लायंटचं काम संपलंय त्याचा होता, तो काढून टाकला, दुसरा लायसन्स रिन्यूअलचा होता आणि मुदत संपायला नऊ दिवस बाकी होते.