मंत्रिपदाच्या नावाला हरकत घेताना

आपल्याकडे मंत्र्याच्या नावावर सभागृहात मतदान होत नाही. राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल नेमणूक करतात. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी एखाद्या आमदाराच्या नावाला हरकत असेल, तर शपथविधीआधीच मुख्यमंत्री आणि पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांना निवेदन द्या.

हरकत आमदाराच्या सभागृहातल्या कामावर घ्यायची, तर खरी अडचण पुराव्याची. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कोणी कुठे मत दिले याची नोंद राहत नाही. नावे मिळतात ती मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतमोजणी, झाली असेल तरच. तीही पक्षादेश (व्हिप) होता का, हे पाहून वाचा. दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, धाकाने दिलेल्या मतावर आख्खी हरकत उभी केली, तर ती एका वाक्यात उडते. त्यापेक्षा भाषणे, तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न, लक्षवेधी सूचना तपासा. तिथे माणूस स्वतः बोलतो.

सभागृहाच्या कार्यवाहीत, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, सापडले नाही, तर विधानमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात. कामकाजातून काढून टाकलेले शब्द उद्धृत करू नका, सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग केल्याची, म्हणजे हक्कभंगाची, कारवाई ओढवेल. निवेदन एका पानाचे, प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या.