मुंबईहून दोन रात्रींची क्रूझ: रांगा चुकवा, समुद्र पाहा

दोन रात्रींच्या क्रूझमध्ये जहाजावर मिळतात जेमतेम चाळीस तास. त्यातून झोप वजा करा, मग चेक-इन, बुफे, लिफ्ट आणि उतरण्याच्या रांगा वजा करा. उरतात ते तास खरी सहल. म्हणून तयारी करायची ती रांगा चुकवण्याची. पैसे कुठे जास्त टाकायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी हंगाम बघा. अरबी समुद्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शांत असतो. मे सरत आला की लाटा वाढतात आणि पावसाळ्यात इथे मौजेसाठी समुद्रात जाण्यात अर्थ नाही. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत जहाज गच्च भरतं, पोहण्याच्या तलावात पाय ठेवायला जागा नसते. जमलं तर शनिवार-रविवार सोडून सुटणारी फेरी घ्या.

केबिन निवडताना फक्त दर पाहू नका, डेकचा नकाशा उघडा. लाटेवर जहाज सी-सॉसारखं हलतं: टोकं वरखाली होतात, मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो. ज्यांना बोट लागते त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, वरच्या मजल्यावरची महागडी नको. केबिनच्या वर आणि खाली केबिनच आहेत ना, हेही तपासा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. बाल्कनी घेणार असाल तर बाजू महत्त्वाची. गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला जातं, म्हणून सूर्यास्त उजव्या बाजूला दिसतो, परतीला डावीकडे. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते आणि फक्त झोपायला पुरते, पण तिथे सकाळ झालेली कळत नाही, गजर लावूनच झोपा. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं २०२१ पासून मुंबईहून सुटणारं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचं आहे. नव्या हॉटेलातल्या ऐसपैस खोलीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडतात आणि त्यावर शिडीने चढावं लागतं. आजी-आजोबांना तिथे झोपवायची वेळ येऊ देऊ नका.

जाहिरातीतला दर माणशी असतो, तोही खोलीत दोघे धरून. एकट्याने जाणाऱ्याला जवळपास दुप्पट पडू शकतो. वर बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी. पेयं, खास रेस्तराँ, स्पा, वायफाय हे बहुधा वेगळं. तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या एकूण रकमेची.

बॅगा दोन करा. मोठी बॅग टर्मिनलवर टॅग लावून द्यावी लागते आणि केबिनच्या दाराशी पोचायला संध्याकाळ होते, कधी रात्रीचं जेवणही उरकतं. म्हणून औषधं, मूळ ओळखपत्रं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि मुलांचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेंशन बोर्ड, उदबत्ती, मेणबत्ती, चाकू आणि दारू तपासणीत काढून घेतात. समुद्रात अग्निशमन दल येत नाही, त्यामुळे आगीबाबतचे नियम कडक असतात आणि ते योग्यच आहे. शाल मात्र न्याच, थिएटरमध्ये एसी बोचतो. चुंबकाचे चार हूक घ्या: बहुतेक जहाजांवर केबिनच्या भिंती पोलादी असतात, ओले टॉवेल आणि टोप्या टांगायची सोय होते.

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोटीला जायचंय’ म्हणालात तर तो गेटवेला नाहीतर भाऊच्या धक्क्याला नेईल. बॅलार्ड इस्टेट, बॅलार्ड पियर असं सांगा आणि तिकिटावरचं गेट दाखवा. उपनगरातून गाडीने येणार असाल तर ईस्टर्न फ्रीवे सोयीचा, पण तो संपला की पी. डी’मेलो रोडवर शुक्रवारी दुपारी गाडी अडकते. सामान कमी असेल तर लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी हेच बरं. वेब चेक-इन आदल्या दिवशीच करा आणि दिलेल्या वेळेच्या पहिल्या टप्प्यात पोचा.

जहाजावर चढल्यावर सगळे बुफेकडे धावतात. तुम्ही घरून खाऊन निघा आणि उलट दिशेला जा: शोची आणि जेवणाची वेळ नोंदवा, मुलांना तलावात सोडा. संपूर्ण सहलीत तलाव इतका मोकळा पुन्हा मिळणं कठीण. सुरक्षेचा सराव टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा संकटाचा इशारा. आपलं जमण्याचं ठिकाण कुठलं हे बघून ठेवा, लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट त्याच वेळी मागून घ्या.

मग जहाज सुटताना काही झालं तरी डेकवर या. या सहलीतला सगळ्यात सुंदर तास हाच, आणि पुष्कळ लोक तो केबिनमध्ये कपडे लावण्यात घालवतात. टगबोटी जहाजाला धक्क्यापासून ओढतात. बाहेर जाताना शहर उजव्या हाताला असतं: गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक आणि प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ. डावीकडे रायगडचा किनारा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या खांदेरीच्या जलदुर्गावर आज दीपस्तंभ आहे. अंधार पडला असेल तर त्याचा झोत शोधा. जहाजाला बंदराबाहेरची वाट दाखवणारा बंदराचा पायलट दोरीच्या शिडीने छोट्या लाँचवर उतरतो, तेही खालच्या डेकवरून पाहण्यासारखं. वारा जोराचा असतो, ओढणी आणि टोपी सांभाळा.

किनारा दूर जाण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि त्याचा रोमिंग दर जबर असतो. फोन लागणार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.

बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. अॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, किंवा मुलांना द्यायची असेल, तर विचारल्याशिवाय नाहीच. तिने झोप येते, दारूबरोबर घेऊ नका. कान हालचाल सांगतो आणि केबिनमधल्या डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून हा त्रास होतो. मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहिलं की उतरतो. पोट रिकामं ठेवू नका, वरण-भात उत्तम.

बुफेला सुरुवातीच्या अर्ध्या तासात जा. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. खाण्याआधी हात साबणानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

गोव्याचा थांबा असेल तर जहाज मुरगाव बंदराला लागतं, पणजीला नाही. पणजी साधारण ३० किलोमीटर. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यांचा हट्ट सोडा, वास्को आणि बोगमाळो पुरे. स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. खरं तर त्या दिवशी जहाजावरच राहणं जास्त सुखाचं असतं, कारण बाकीचे उतरलेले असतात.

शेवटच्या रात्री जेवणाआधीच बिल तपासा. चुकीची नोंद सकाळी दुरुस्त करायला गेलात तर रिसेप्शनसमोर तासभर उभं राहावं लागतं. टॅग लावलेली बॅग दाराबाहेर ठेवताना सकाळचे कपडे आणि ओळखपत्र त्यात जाऊ देऊ नका. हाताने उचलता येईल इतकंच सामान असेल तर ते स्वतःकडेच ठेवा, लवकर उतरता येतं. उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. हे बहुधा एक-दोन दिवसांत जातं, पण तोवर गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.