शकुंतलेच्या इंजिनाचे चुकलेले माप

मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या रेल्वेगाडीच्या वाफेच्या इंजिनाचे १:८७ प्रमाणातील मॉडेल मी पुठ्ठ्यातून उभे केले, पण रुळांवर ठेवताच ते बेढब दिसू लागले. चूक माझीच होती, कारण अकोल्याच्या मीटरगेज (रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या) गाडीचा फोटो शकुंतलेचा समजून मी त्यावरून मापे घेतली होती. मग दारव्ह्याला जाऊन, गवतात बुडालेल्या रुळांच्या आतल्या कडांमध्ये टेप धरला, तेव्हा अंतर ७६२ मिलिमीटर भरले, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास पावणेनऊ. (बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ त्याला खुशाल चालतो.) त्यानंतर काकांच्या संदुकीतल्या, इंजिन अगदी समोरून टिपलेल्या फोटोत पुढच्या चाकांखालचे रुळांमधले अंतर ७६२ धरून लगतच्या आडव्या तुळईची रुंदी काढली. धुराड्याची उंची मात्र अजून अंदाजानेच ठेवली आहे.