घरगुती धंद्याची जाहिरात: खिशाला हात घालण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळवाल्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं: "जाहिरात केली, पण ऑर्डरी काही आल्या नाहीत." बऱ्याचदा जाहिरात कमी पडलेली नसतेच. विचारपूस करायला आलेलं गिऱ्हाईक मधल्यामध्ये कुठेतरी गळतं, आणि ती गळती थांबवायला पैसे लागत नाहीत. इथे उदाहरण फराळाचं घेतलं आहे, पण टिफिन, ब्लाउज शिवणं, मेंदी, गणिताचे क्लास, कुणीही आपापला धंदा त्या जागी ठेवून वाचावं.

"दोनशे जणांना मेसेज टाकला, उत्तर चौघांचं"

व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ नंबर बसतात. पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांपर्यंत तो जातच नाही, आणि आपण मात्र लोकांना गरज नाही असं धरून बसतो. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून ठेवा आणि त्याची माहिती उघडा. कुणाला पोचला, ते तिथे दिसतं. पोचलेल्यांची यादी तोकडी असेल तर मजकुरावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

उपाय डिलिव्हरीच्या वेळी करायचा. डबा हातात देताना म्हणा, "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, दर सोमवारी आठवड्याची यादी पाठवते." लगेच आपलं कॉन्टॅक्ट कार्डही पाठवा. त्यावर नुसतं आडनाव नको, 'चकली-भाजणी' असं काहीतरी जोडा. सहा महिन्यांनी बाईंना तुमचं आडनाव आठवणार नाही. त्या फोनमध्ये 'चकली' असंच शोधणार.

परवानगी न घेता सोसायटीच्या ग्रुपवरून नंबर उचलू नका. लोकांनी ब्लॉक करून रिपोर्ट केलं की खातं बंद पडू शकतं. एका क्लिकवर हजारो मेसेज पाठवणारी बाहेरची ॲप्सही त्याच वाटेने नेतात. आणि धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, तेही फुकट. त्यात पदार्थांचा कॅटलॉग लावता येतो आणि नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात.

"विचारतात खूप, घेत कुणीच नाही"

बहुतेक ठिकाणी मजकूर असा असतो: "आमच्याकडे सर्व प्रकारचे फराळाचे पदार्थ योग्य दरात मिळतील. एकदा अवश्य भेट द्या." यातून गिऱ्हाइकाला काय कळलं? काहीच नाही. आता हे बघा: "भाजणीची चकली, शेंगदाणा तेलात तळलेली. अर्धा किलो २६० रुपये. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ऑर्डर, रविवारी सकाळी घरपोच. कोथरूड, कर्वेनगर, वारजे." ज्याला परवडत नाही किंवा जो हडपसरला राहतो, तो विचारणारच नाही. तुमचा वेळ वाचला. ज्याला हवी आहे, त्याला फक्त "एक किलो" एवढंच टाइप करायचं राहतं.

किंमत लपवून "इनबॉक्स करा" म्हणणं सोडून द्या. भाव विचारायचा संकोच वाटणारं गिऱ्हाईक आपल्याकडे पुष्कळ आहे. ते न विचारताच पुढे जातं. फोटोही इंटरनेटवरून उचलू नका. खिडकीजवळच्या उजेडात स्वतःच्या ताटाचा काढा, चकली जरा वेडीवाकडी दिसली तरी चालेल. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नंबर पाकिटावर हवाच. तो मेसेजमध्येही टाका, नव्या माणसाचा भरवसा त्याने बसतो.

"गूगलवर आहोत, पण सापडत नाही"

गूगलवर धंद्याची नोंद करायला एक पैसा लागत नाही. "तुमची नोंद बंद होईल, इतके भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. नोंद पुतण्याच्या किंवा एखाद्या एजन्सीच्या ईमेलवरून झालेली असते, हीच सगळ्यात मोठी अडचण. पुतण्या पुण्याहून बंगळूरला गेला की वेळ बदलायलाही कुणी उरत नाही. मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्या. जुना माणूस दाद देत नसेल तर गूगलकडेच मालकीसाठी विनंती करता येते.

नावात "पुण्यातील बेस्ट चकली चिवडा लाडू घरपोच" अशी माळ लावू नका. नोंद निलंबित होऊ शकते. घरून धंदा करत असाल तर पत्ता लपवून फक्त तुम्ही सेवा देता तो परिसर दाखवायची सोय आहे. रिव्ह्यू जरूर मागा, पण "रिव्ह्यू द्या, दहा टक्के सूट घ्या" हे गूगलच्या नियमात बसत नाही.

"बूस्ट केलं, लाइक आले, ऑर्डर नाही"

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणं म्हणजे बूस्ट. त्यात आधी ठिकाण तपासा. अख्खा भारत निवडलेला असेल तर पाटण्याचे लाइक येणारच. नकाशावरची पिन आपल्या घरावर ठेवून पाच-सात किलोमीटरचा घेर लावा, आणि उद्दिष्ट लाइक न ठेवता मेसेज ठेवा. वर १८ टक्के जीएसटी पडतो, तोही हिशोबात धरा.

"हँडबिलं वाटली, पैसे पाण्यात"

हे बहुधा वरातीमागून घोडं असतं. कोजागिरी ते लक्ष्मीपूजन हातात जेमतेम पंधरवडा. परदेशी मुलांना फराळ धाडणारे तर त्याआधीच ऑर्डर देऊन मोकळे होतात, कारण कुरियरला दिवस लागतात. पेपरातून हँडबिल टाकायचं तर घटस्थापनेच्या सुमारास टाका. दिवाळीच्या आठवड्यात ते इतर दहा कागदांबरोबर रद्दीत जातं. चौकात फ्लेक्स लावायचा विचार असेल तर आधी पालिकेची परवानगी. विद्रूपीकरणविरोधी कायदा राज्यात १९९५ पासून आहे.

कुठल्या खर्चाचं चीज झालं हे कळायला मोठं सॉफ्टवेअर नको. ऑर्डर घेताना "आमचं नाव कुठून कळलं?" एवढं विचारा आणि वहीत नावापुढे लिहा: शेजारी, गूगल, हँडबिल, जुनं गिऱ्हाईक. दिवाळीनंतर वही उघडा. ज्या रकान्यात दोन-तीनच नावं असतील, त्यावरचा खर्च पुढच्या वर्षी कापा. "जुनं गिऱ्हाईक" हा रकाना भरलेला असेल तर भाऊबीज झाल्यावर त्या सगळ्यांना चकली कशी झाली ते विचारणारा मेसेज करा. विकायचं काही नसताना केलेल्या मेसेजला लोक उत्तर देतात.

आणि झेपतील तेवढ्या ऑर्डरी झाल्या की जाहिरात त्याच दिवशी बंद करून "या वर्षीच्या ऑर्डर पूर्ण" असं स्टेटस लावा. उशिरा पोचलेल्या मऊ चकलीचा बोभाटा सोसायटीच्या ग्रुपवर फार लवकर होतो.