हातोडा पडल्यानंतरचा हिशेब

रेसचा घोडा घ्यायचा म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला पडेल?" पुण्यात एका ट्रेनरच्या स्टेबलचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले, पुढे चौघांत मिळून एका फिलीत, म्हणजे तरुण घोडीत, वाटाही घेतला. एवढ्या काळात या प्रश्नाचं उत्तर नीट मिळाल्याने कुणाचा फायदा झालेला मी पाहिला नाही. लिलावातली किंमत एकदाच द्यायची असते. घोडा मात्र रोज खातो, त्याचे नाल ठरावीक आठवड्यांनी बदलावे लागतात, आणि तो जिंकला काय किंवा लंगडला काय, महिना संपला की बिल येतंच. बोली किती लावायची हे ठरवण्याआधी किती महिने पोसायचा हे ठरवा, एवढंच मी नव्या माणसाला सांगतो. बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

एक हिशेब मांडून बघू. समजा, चार मित्रांनी फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लिलावात दोन वर्षांचा एक कोल्ट, म्हणजे तरुण नर घोडा, दहा लाखांना घेतला. त्यावर जीएसटी. तो आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, म्हणजे पन्नास हजार. दाणा-गवत, घोड्याची निगा राखणाऱ्या सईसाचा पगार, सकाळच्या कामाला बसणारा रायडिंग बॉय, ट्रेनरची फी, नालबंद, डॉक्टर आणि औषधं असं सगळं धरून महिन्याला ४५ हजार समजू. मालकाच्या डोळ्यांसमोर अर्थातच इंडियन डर्बी असते: फेब्रुवारीचा पहिला रविवार, २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. म्हणजे खरेदीपासून बरोबर दोन वर्षं. चोवीस महिन्यांचे झाले दहा लाख ऐंशी हजार. दहा लाखांचा घोडा डर्बीच्या दिवशी उभा राहिला, तर तोवर तो एकवीस लाख तीस हजारांचा झालेला असतो. यात शर्यतींच्या नोंदणीचे पैसे नाहीत. मोठ्या शर्यतींच्या नोंदी बऱ्याच आधी कराव्या लागतात आणि हप्त्याहप्त्याने पैसे भरत घोडा यादीत ठेवावा लागतो. पुण्याचा मोसम संपला की घाट उतरून मुंबईला आणि नंतर परत, हा प्रवासही यात धरलेला नाही.

आकडे समजुतीपुरते आहेत. तुमचे आकडे काढायचे असतील तर ट्रेनरला "महिन्याचा रेट काय?" असं विचारू नका. त्याच्याकडच्या एखाद्या घोड्याची मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा, मालकाचं नाव झाकून का होईना. रेट सगळे सारखाच सांगतात. फरक "इतर" या रकान्यात असतो.

नव्या मालकाला सगळ्यात जड जातात ते पहिले आठ-दहा महिने. घोडा धावत नाही आणि बिल मात्र धावतं. थरोब्रेडचं, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं, वय १ जानेवारीला बदलतं, जन्म कधीचाही असो. जानेवारीत जन्मलेलं आणि मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं, पण हाडांत चार महिन्यांचं अंतर. शहाणा ट्रेनर गुडघ्यांचे एक्स-रे काढतो, हाडांची वाढ कुठवर आली ते बघतो आणि मगच कामाचा वेग वाढवतो. तरीही दोन वर्षांच्या घोड्यांच्या पुढच्या पायांच्या नळ्या, म्हणजे गुडघ्याखालची हाडं, दुखावतातच. स्टेबलमध्ये त्याला नुसतं "शिन्स आल्या" म्हणतात. आजार गंभीर नाही, पण काम थांबतं, आठवडे जातात आणि मालकाचा फोन येतो, "अजून किती?" त्या फोनला घाबरून घोडा लवकर पळवणारा ट्रेनर तुम्हाला नको आहे. हिशेबाच्या टेबलावर बसून मी जे काही शिकलो त्यात हे सगळ्यात वर आहे: घाई न करणारा ट्रेनर पहिल्या वर्षी महाग वाटतो.

आता लिलाव. कॅटलॉगचं पान हे जाहिरातीचं पान आहे, हे आधी मनात पक्कं करा. वरच्या ओळींत बाप असतो, आणि बाप नेहमीच मोठा असतो, कारण त्याच सीझनमध्ये त्याची आणखी पन्नास पोरं असतात. ठळक टाइपात छापलेली नावं मोठ्या शर्यती जिंकलेल्यांची. ती आईच्या ओळीत आहेत की तिसऱ्या पिढीतल्या आजीच्या, ते बघा. आईची आधीची पिल्लं काय करून गेली हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "तिसरं पिल्लू" असं लिहिलंय आणि पहिल्या दोघांबद्दल कुठेच काही नाही, तर ती दोघं कुठे गेली हे विचारायला लाजू नका. वंशाची शहानिशा करायला आपल्याकडे पुण्यातच इंडियन स्टड बुक आहे. डीएनए चाचणीने आईबाप पडताळलेले, मायक्रोचिप आणि पासपोर्ट असलेलं जनावरच तिथे नोंदलं जातं. वंशात फसवणूक होत नाही. फसतो तो वंशातून आपण काढलेला अर्थ.

घोडा बघताना आधी समोरून, मग मागून चालवून बघा. पाय आत वळतात की बाहेर, गुडघा नळीच्या नेमका वर बसलाय की बाजूला सरकलाय, हे उभ्या घोड्यात लपतं, चालत्यात लपत नाही. खुरांची जोडी सारखी आहे का, तेही बघा. दोष सगळ्यांतच असतात. कोणता दोष वेगाला आड येतो आणि कोणता फक्त डोळ्याला, हे तुमचा डॉक्टर सांगेल. तुमचा, म्हणजे विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. आपल्या या डॉक्टरकडून दोन गोष्टी करून घ्या. सांध्यांचे एक्स-रे, आणि नाकातून दुर्बीण घालून गळ्याची तपासणी. काही घोड्यांच्या स्वरयंत्राचा एक भाग, बहुधा डावीकडचा, लुळा पडलेला असतो. असा घोडा जोरात पळताना घरघरतो आणि त्याला पुरेशी हवा मिळत नाही. तबेल्यात उभा असताना तो राजबिंडा दिसतो. लाकडाला दात लावून हवा गिळण्याची सवय असेल तर ती विकणाऱ्याने सांगायला हवी. विक्रीच्या अटींत काय सांगणं बंधनकारक आहे आणि तक्रारीला किती दिवस मिळतात, हे बोली लावण्याआधी वाचायचं असतं. या धंद्यात ते वाचणारी माणसं फार कमी पाहिली. हातोडा पडला की घोडा तुमचा, आणि तिथून तबेल्यात नेताना तो पडला तर तोही तुमचाच.

बोलीच्या वेळी समोरून बोलणारा खरा गिऱ्हाईकच असेल असं नाही. मालकाने आतली किंमत ठरवलेली असते, आणि तिथवर पोचलं नाही तर घोडा परत घरी जातो. त्यामुळे "कोणीतरी नऊ लाख देत होतं" याचा अर्थ बाजारात नऊ लाखांचा माणूस होता असा होत नाही. शिवाय तुमच्यासाठी घोडा निवडणाऱ्याला त्या विक्रीत कुणाकडून काय मिळतंय, हे सरळ विचारा. सल्ल्याचे पैसे तुम्ही द्या आणि तसं लिहून घ्या. हा प्रश्न विचारल्यावर चिडणारा माणूस तुमचं बरंच काम सोपं करून जातो.

किंमत आणि गुणवत्ता यांचा संबंध किती सैल आहे, याच्या दोन-चार गोष्टी या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात. १९८३ साली अमेरिकेत कीनलँडच्या लिलावात स्नाफी डान्सर नावाचा एक वर्षाचा कोल्ट एक कोटी दोन लाख डॉलरला गेला. तो एकही शर्यत धावला नाही, पुढे प्रजननातही जवळजवळ निकामी ठरला. २००६ मध्ये फ्लोरिडात द ग्रीन मंकी हा दोन वर्षांचा कोल्ट एक फर्लांग (सुमारे २०० मीटर) ९.८ सेकंदांत पळाला, आणि तेवढ्यावर त्याला एक कोटी साठ लाख डॉलर मोजले गेले. तो तीन वेळा धावला, एकदाही जिंकला नाही, कमाई १०,४४० डॉलर. दुसरीकडे सिएटल स्लू १७,५०० डॉलरला मिळाला आणि त्याने १९७७ ची ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या शर्यती, जिंकली. जॉन हेन्री एक वर्षाचा असताना ११०० डॉलरला गेला आणि त्याने पासष्ट लाखांवर डॉलर कमावले.

या गोष्टी सांगणारे बहुतेक वेळा तुम्हाला स्वस्त घोडा विकत असतात. अकराशेला गेलेल्या बाकीच्या घोड्यांची नावं कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. माझ्या मते या गोष्टींतून एवढंच घ्यावं की एका फर्लांगाचा वेग हा एका फर्लांगाचाच वेग असतो. घड्याळ बघून जेवढी रक्कम वाढवावीशी वाटेल, तेवढी दोन वर्षांच्या बिलांसाठी बाजूला ठेवा.

जोखीम म्हटलं की सगळ्यांना घोडा मरण्याची भीती वाटते. ती खोटी नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की एका रात्रीत जनावर जाऊ शकतं. पण मृत्यूचा विमा मिळतो, आणि तो खरेदीच्या दिवसापासून लागू करून घ्यावा. विमा मिळत नाही तो मंद असण्याचा. निव्वळ वाईट घोडाही मालकाला बुडवत नाही. तो लवकर कळतो. मॉक रेसमध्येच, म्हणजे सरावाच्या शर्यतीतच, शेवटचा येतो, ट्रेनर मान हलवतो, विषय संपतो. खिसा रिकामा करतो तो मधला घोडा: सातांत तिसरा, दहांत चौथा, एकदा नाकाच्या अंतराने दुसरा. प्रत्येक वेळी कारण असतं. ट्रॅक ओला होता, जॉकीने उशिरा सोडला, अंतर कमी पडलं. वर्षातून एकदा खालच्या वर्गात जिंकतो, मग रेटिंग (घोड्याला लावलेला दर्जा) वाढतं, त्यानुसार पाठीवरचं वजन वाढतं आणि तो पुन्हा चौथा येऊ लागतो. बक्षिसातून ट्रेनर-जॉकीचा वाटा वजा जाऊन जे उरतं त्यात काही महिन्यांची बिलं भागतात. वर्षाची भागत नाहीत. हे वर्षानुवर्षं चालतं, कारण मधल्या घोड्याबद्दलची आशा कधी पूर्ण मरत नाही.

आमची फिली अशीच मधली निघाली. घेतानाच आम्ही कागदावर लिहिलं होतं की अमुक मोसमाअखेर अमुक वर्गात पोचली नाही तर विकायची. विकायच्या दिवशी चौघांपैकी एकाला ती सोडवेना. कागद होता म्हणून भांडण झालं नाही. ती दुसऱ्या केंद्रावर गेली, तिथे बरी धावली, आणि त्याचं आम्हाला चांगलंच वाटलं. पहिल्यांदा घेणाऱ्याने शक्यतो फिली घ्यावी हे माझं मत तिच्यामुळे झालेलं नाही, हिशेबामुळे झालं आहे. चांगल्या वंशाची फिली धावली नाही तरी एखादा स्टड फार्म तिला आई म्हणून घेऊ शकतो. कोल्टला ती वाट फक्त अगदी वरच्यांसाठी उघडी.

घोड्याशी काहीच संबंध नसलेली जोखीमही असते. मार्च २०२० मध्ये शर्यती थांबल्या. बक्षिसं बंद झाली, दाणा बंद झाला नाही. त्या महिन्यांतली बिलं बनवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात नकोसं काम होतं. महालक्ष्मीच्या जागेचंच बघा. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेला उद्यानासाठी जाण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. शर्यतींवर लावलेल्या पैशांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. तुम्ही बेटिंग करत नसाल, पण बेटिंग आटलं तर बक्षिसाची रक्कमही आटते, कारण ती मुख्यतः तिथूनच येते.

आयकराचा नियम आधी ऐकून घ्या, नंतर ऐकला तर त्रास होतो. घोडे बाळगण्यात झालेला तोटा तुमच्या दुकानाच्या किंवा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम ७४ए मध्ये स्पष्ट होतं की तो फक्त रेसच्या घोड्यांच्या उत्पन्नातूनच वजा करायचा आणि चार वर्षंच पुढे ओढायचा, तेही घोडे बाळगणं चालू असेल तरच. "टॅक्समध्ये बघून घेऊ" म्हणणाऱ्या भागीदाराला हे आधी दाखवा.

शिवाय मालक म्हणून टर्फ क्लबची मंजुरी, जॉकीच्या कपड्यांच्या रंगांची नोंद आणि घोड्याचं नाव ही कामं असतात. नाव अंतरं धरून रोमन लिपीतल्या अठरा अक्षरांत बसवावं लागतं, त्यामुळे आजोबांचं पूर्ण नाव द्यायचा बेत बहुधा फसतो. या कामांना वेळ लागतो, पैसे फार लागत नाहीत.

भागीदारीच्या कागदावर आणखी एक ओळ लागते, आणि ती बहुतेक कागदांवर नसते. थरोब्रेड पंचवीस वर्षं सहज जगतो, धावतो त्यातली चार-पाच. धावणं थांबल्यावर त्याला रायडिंग क्लब घेईल का, नाही घेतला तर तो कुठे राहील, आणि तो खर्च चौघांत कसा वाटायचा, हे खरेदीच्या दिवशी सगळे खुशीत असताना लिहून सह्या घ्या. मी कागद तयार करून देतो तेव्हा ही ओळ पहिल्या पानावर टाकतो. काही मंडळी ती वाचून लिलावाला जातच नाहीत.