वसाहतवादाची सावली वर्गातून काढताना: या चुका टाळा

इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणाऱ्या मॅकॉलेच्या 1835 च्या टिपणावर भाषण ठोकायचं आणि पुढच्याच तासाला खान्देशातली अहिराणी बोली बोलला म्हणून पोराला उभं करायचं, हे मी स्वतः केलंय. पोरगा म्हणाला होता, "मना बाप वावरमा गया." मी लाल शाई काढली. खरं तर धडा तिथंच होता. 'वावरमा'तला 'मा' म्हणजे आपला 'शेतात'मधला 'त'. गुजरातीतही तसाच 'मां' आहे. पोराचं वाक्य आणि त्याचं प्रमाण मराठीतलं रूप फळ्यावर शेजारी लिहा, फरक पोरांनाच शोधू द्या. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, पण घरच्या बोलीला चूक न म्हणता.

इथंच दुसरी गफलत होते: खान्देश म्हणजे अहिराणी, असं धरून चालायचं. नंदुरबारमधल्या धडगावकडच्या पावरी किंवा भिली या आदिवासी बोली बोलणाऱ्या पोराला अहिराणीही परकीच. बहिणाबाईंच्या कविताही सरसकट अहिराणीत टाकतात. त्यांची बोली लेवा गणबोली.

फड पद्धतीचं, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना (फडांना) वाटून देण्याच्या जुन्या सिंचन पद्धतीचं, तर आम्ही पार प्रदर्शन करून टाकलं. थर्माकोलचा बंधारा, निळा कागद, 'आपले प्राचीन ज्ञान'. त्यापेक्षा पांझरा नदीकाठच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वर्गात बसवा. एका फडात एकच पीक का, पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा) पाणी कोणत्या क्रमानं सोडायचा, पाणी कमी पडलं की कोणता फड कोरडा ठेवायचे, हे पोरांनी विचारावं. आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याचं काय, हेही. जुनं ते सगळं सोनं म्हणायचं असेल तर साहेबाचं पुस्तक बदलून उपयोग नाही.

संशोधन करणाऱ्यांचा घोळ वेगळा. इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, 1880 चं खान्देश गॅझेटियर, उघडायचं, त्यात भिल्लांविषयी जे लिहिलंय ते पुरावा म्हणून उतरवायचं. कागद कोणी, कोणासाठी लिहिला ते आधी बघा. भिल्लांनी इंग्रजांशी दिलेल्या 1858 च्या अंबापाणीच्या लढाईला 'बंड' म्हणायचं की 'उठाव', यावर नववीच्या वर्गात तासभर भांडण होऊ द्या. त्या लढाईतले भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांचं नाव मग वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही.

आदिवासी पाड्यावर जाऊन पाहणीचे फॉर्म भरून आणलेत? निष्कर्ष तिथं परत जाऊन, त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. आम्ही गेलो तेव्हा एका आजीनं पहिल्याच पानावर आम्हाला थांबवलं. देवाचं नावच चुकलं होतं.